जुनी स्पॅनिश परफ्यूम: वेष्टन वाचावं कसं, कुपी जपावी कशी

परफ्यूमच्या जुन्या बाटल्या जमवणाऱ्यांचं पहिलं प्रेम बहुतेक वेळा फ्रेंच असतं. लालीक, बाकारा ही फ्रेंच काच-घराण्यांची नावं, त्यांची काच, लिलावातले भाव यांवर ढिगाने लिहिलं गेलंय. स्पेनकडे माणूस उशिरा वळतो, आणि वळला तरी सवय तीच राहते: काच निरखायची, बूच निरखायचं आणि पुठ्ठ्याचा खोका बाजूला टाकायचा. स्पॅनिश मालाच्या बाबतीत ही सवय महागात पडते. बार्सेलोना आणि माद्रिदच्या कारखान्यांनी १९१०च्या दशकापासून १९३६च्या यादवी युद्धापर्यंत जे अव्वल काम केलं, ते प्रामुख्याने चित्रकारांनी केलेलं आहे आणि ते कागदावर आहे. लेबलं, डब्या, साबणाची वेष्टनं, मासिकांतल्या पानभर जाहिराती. काचही चांगली होती, काही वेळा फारच देखणी होती, पण या मालाची खरी ओळख कागदात आहे. आणि घरात सगळ्यात आधी फेकला जातो तो कागदच.

म्हणून इथे क्रम उलटा ठेवलाय. आधी कागद, मग काच, सगळ्यात शेवटी आतला द्रव. हा छंद पुण्यात किंवा नाशकात बसून करणाऱ्याला हाच क्रम सोयीचा आहे. कागद हलका असतो, साध्या टपालाने येतो आणि काचेच्या मानाने स्वस्त मिळतो.

पायरी १: घराणी ओळखून घ्या

दोन घराणी नीट समजली की निम्मं काम झालं.

पहिलं बार्सेलोनाचं मिरुर्हिया. १९१६ साली एस्तेव मोनेगाल यांनी ते सुरू केलं. हे गृहस्थ व्यवसायाने शिल्पकार होते, कॅटलन कलाक्षेत्रात त्यांचं नाव होतं. शिल्पकाराने काढलेली कंपनी असल्यामुळे बाटलीचा आकार, डबीचं चित्र, अक्षरं, रंग हे सगळं एकाच हाताखालून जायचं. चित्रांची बाजू एदुआर्द जेनेर यांच्याकडे होती. जेनेर यांची रेषा लांब, वळणदार. जपानी छापचित्रं आणि रशियन बॅलेची नेपथ्यं पाहिलेल्या माणसाची. 'माहा', 'मादेरास दे ओरिएन्ते', 'सुस्पिरो दे ग्रानादा', 'एम्ब्रुहो दे सेव्हिया' ही नावं बघितली की कंपनीची दिशा कळते. दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियाची रात्र, तिथे राज्य केलेल्या मूर मुसलमानांचा वारसा, पूर्वेकडची लाकडं. फ्रेंचांशी त्यांच्याच मैदानात झुंजण्याऐवजी मोनेगाल यांनी परदेशी गिऱ्हाइकाच्या मनातला स्पेन डबीत भरून विकला. त्यात भाबडेपणा नव्हता, पक्का हिशेब होता. १९२८ ते १९३० दरम्यान कंपनीने बार्सेलोनाच्या मायोर्का रस्त्यावर नवा कारखाना बांधला. वास्तुरचनाकार आन्तोनी पुच गायराल्त. ती आडव्या रेषांची, काचेच्या कोपऱ्याची इमारत आजही उभी आहे. हे 'पुच' आडनाव पुढे पुन्हा भेटणार आहे, पण त्या दोघांचा संबंध जोडू नका.

दुसरं घराणं माद्रिदचं गाल. साल्व्हादोर एचेआन्दिया गाल यांची ही कंपनी आधी केसांच्या 'पेत्रोलेओ गाल' या औषधी लोशनसाठी नावारूपाला आली आणि १९०५ साली तिने 'एनो दे प्राव्हिया' हा साबण काढला. आस्तुरियास प्रांतातल्या प्राव्हिया गावाजवळ कापलेल्या गवताचा वास आला आणि त्यावरून साबण सुचला, ही कंपनी सांगत आलेली गोष्ट. खरी असो वा रचलेली, साबण मात्र आजही विकला जातो. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं साल १९१६ आहे. त्या वर्षी गालने जाहिरातचित्रांची स्पर्धा भरवली. पहिलं बक्षीस फेदेरिको रिबास या गॅलिशियन चित्रकाराला मिळालं आणि पुढची वीस वर्षं कंपनीचं चित्रकाम त्याच्याच हातात राहिलं. १९३६ साली युद्ध पेटल्यावर रिबास अर्जेंटिनाला गेला, तो १९४९मध्ये परतला. गालचा माद्रिदमधला मोंक्लोआचा कारखाना ऐन आघाडीवर सापडला आणि उद्ध्वस्त झाला. या एका घटनेमुळे युद्धाआधीचा गालचा कागद आणि नंतरचा कागद यांत सरळ फट पडते, ती पुढे काळ ठरवताना कामी येते.

बाकीची नावं भराभर. माद्रिदची फ्लोरालिया: तिच्या 'फ्लोरेस देल काम्पो' साबणाच्या जाहिराती साल्व्हादोर बार्तोलोत्सी यांनी काढल्या, आणि त्या शोधण्याजोग्या आहेत. बादालोनाची पारेरा: पुरुषांसाठीचं 'बारोन डँडी' तिचं. माद्रिदचीच आल्व्हारेस गोमेस: १९१२पासून चालत आलेलं लिंबाच्या वासाचं कोलोन, साधी बाटली, पिवळा रंग, यात नाट्य काहीच नाही आणि म्हणूनच ते टिकलं. बार्सेलोनाची पुच: १९१४ साली सुरुवात, १९४०चं 'आग्वा लाव्हान्दा', १९६८चं 'आग्वा ब्राव्हा'. पुचने २००० साली मिरुर्हिया विकत घेतली.

दोन ठिकाणी गोंधळ होतो, तो आत्ताच निस्तरून टाकू. 'ताबू' हे परफ्यूम दाना या कंपनीचं. ती १९३२ साली बार्सेलोनात हाव्हिएर सेरा यांनी काढली. सुगंध रचला फ्रेंच परफ्यूमर झाँ कार्ल यांनी. पुढे कंपनीचा पसारा पॅरिस आणि अमेरिकेत गेला, त्यामुळे बाजारात मिळणाऱ्या बहुतेक बाटल्यांवर बार्सेलोना हा शब्द दिसत नाही. जन्माने स्पॅनिश, वाढली परदेशात. उलट साल्व्हादोर दाली यांच्या नावाचं, ओठ आणि नाकाच्या आकाराच्या बाटलीतलं १९८३चं परफ्यूम फ्रेंच कंपनीचं आहे. दालींनी आरेखलेली 'ल रुआ सोलेय'ची बाकारा बाटलीही पॅरिसच्या स्कियापारेली घराण्यासाठी होती. विक्रेता 'स्पॅनिश' म्हणून दालीची बाटली पुढे सरकवतो तेव्हा हे आठवा.

पायरी २: एक डबी घेऊन बसा

नुसती नावं पाठ करून नजर तयार होत नाही. एक स्वस्त वस्तू घ्या आणि तासभर तिच्याकडे बघा. माझं मत विचाराल तर सुरुवात माहाच्या साबणाने करावी. तो अजूनही निघतो, जुन्या वड्याही सहज सापडतात, आणि त्यात स्पॅनिश परफ्यूम कलेचं अख्खं व्याकरण आहे.

वडी गोल. तिच्याभोवती काळा, पातळ, किंचित चरचरणारा कागद. तो सपाट गुंडाळलेला नाही. कडेपासून मध्यापर्यंत बारीक चुण्या घालत आणलाय, आणि चुण्या जिथे मिळतात तिथे वरून गोल लेबल चिकटवलंय. लेबलावर स्त्री. लाल पोशाख, डोक्यात उंच कंगवा, त्यावरून उतरलेली काळी जाळीची ओढणी, हातात पंखा, कंबर मागे झुकलेली. ही तोर्तोला व्हालेन्सिया, १८८२ साली सेव्हियात जन्मलेली, लंडनमध्ये वाढलेली नर्तिका. तिच्यावरून जेनेर यांनी १९२०च्या आगेमागे हे चित्र बेतलं. गंमत अशी की ही बाई युरोपभर गाजली ती पौर्वात्य नाचांसाठी. सर्पनृत्य, बायादेर (म्हणजे देवदासी) वगैरे. युरोपच्या रंगमंचावर त्या काळी 'हिंदुस्थानी' म्हणून जे खपायचं, त्यातलाच हा प्रकार. तिला माद्रिदच्या अठराव्या शतकातल्या ठसकेबाज माहाच्या वेषात उभी करणं हा जेनेर-मोनेगाल यांचा डाव होता आणि तो शंभर वर्षं चालला.

आता चित्र विसरून रंग मोजा. काळा, लाल, सोनेरी, आणि थोडा पांढरा. चारच. चेहऱ्यावर जवळजवळ रेषाच नाहीत, सगळा भार अंगाच्या वळणावर. लांबून, दुकानाच्या फळीवरूनही ही आकृती ओळखू येते. बोटाने लेबलावरून हात फिरवा: सोनेरी भाग किंचित वर आलेला लागतो का? उठावाची छपाई असेल तर लागतो. नंतरच्या स्वस्त आवृत्त्यांत तो सपाट झालाय. वडी न उघडलेली असेल तर उघडू नका. चुण्या एकदा सुटल्या की पुन्हा तशा बसत नाहीत.

एवढं झालं की गालच्या रिबासची एखादी जाहिरात शेजारी ठेवा. रिबासची बाई वेगळी आहे. आखूड केस, सडपातळ, शहरी, आरशासमोर किंवा न्हाणीघरात, नजर आपल्याकडे. इथे आंदालुसिया नाही की पंखा नाही. माद्रिदला आधुनिक व्हायचं होतं आणि बार्सेलोनाला निर्यात करायची होती, हे या दोन बायकांकडे बघून समजतं. या काळातला तिसरा मोठा हात राफाएल दे पेनागोस यांचा. त्यांच्या चित्रांतल्या बायका रिबासच्या बायकांपेक्षाही उंच आणि थंड. तिघांच्या सह्या चित्राच्या खालच्या कोपऱ्यात असतात. सही कापली गेलेली जाहिरात मिळाली तर भाव निम्मा समजा.

पायरी ३: काळ ठरवा, पण मागून पुढे

वस्तू किती जुनी आहे हे ठरवताना लोक सगळ्यात जुनी खूण शोधतात. चित्र १९२०चं आहे म्हणून डबी १९२०ची, असं धरून चालतात. हे चुकीचं आहे, कारण स्पॅनिश कंपन्यांनी तेच चित्र दशकानुदशकं वापरलं. शोधायची ती सगळ्यात नवी खूण. वस्तू तिच्याहून जुनी असूच शकत नाही.

खोक्याचा तळ आणि पाठ बघा. लिमोनीन, लिनालूल अशी ॲलर्जीकारक घटकांची नावं छापलेली असतील तर माल साधारण २००५ नंतरचा. घटकांची यादी आहे पण ही नावं नाहीत, तर १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढचा. किमतीच्या चिठ्ठीवर पेसेता हे स्पेनचं जुनं चलन असेल तर २००२च्या आतला, कारण त्या वर्षी युरोच्या नोटा आल्या. चिठ्ठीवर 'इव्हा' हा कराचा उल्लेख असेल तर १९८६ नंतरचा, कारण तो कर स्पेनमध्ये त्या वर्षी १ जानेवारीला लागू झाला. ८४ने सुरू होणारा बारकोड म्हणजे १९७७ नंतरचा. पत्त्यात पाच आकडी पिनकोड असेल तर १९८०च्या दशकाचा मध्य किंवा त्यापुढचा. त्याआधी शहराच्या नावापुढे आडवी रेघ आणि एखाद-दोन आकडी विभाग क्रमांक असायचा.

यातलं काहीच नसेल तर माल १९७०च्या दशकाच्या आधीचा असण्याची शक्यता धरा आणि मागे सरका. आतली बुचं, चकत्या प्लास्टिकच्या आहेत का? असतील तर बहुधा १९५०नंतरच्या. झाकण जड, गडद, न वाकणारं आहे का? अंगठ्याने घासून गरम करा आणि वास घ्या. फिनेलसारखा उग्र वास आला तर ते बेकेलाइट हे जुनं कडक प्लास्टिक, म्हणजे साधारण १९३०पासून १९५०च्या दशकापर्यंतचं. लेबलावर राजघराण्याचे पुरवठादार असल्याचा उल्लेख किंवा राजमुकुट असेल तर तो १९३१च्या एप्रिलआधीच्या जमान्यातला, कारण तेव्हा राजा तेरावा आल्फोन्सो देश सोडून गेला. मात्र ही खूण ठिसूळ आहे, छापून पडलेली जुनी लेबलं कंपन्या संपेपर्यंत वापरत. मिरुर्हियाच्या खोक्यावर मायोर्का रस्त्याचा पत्ता म्हणजे साधारण १९३०पासून पुढे.

१९४०च्या दशकाचा माल हातालाच कळतो. यादवी युद्ध संपलं होतं, देश दाराआड होता, कागद-काच-तेलं सगळ्याची टंचाई. पुठ्ठा भुरकट आणि मऊ, सोनेरी वर्खाच्या जागी पिवळसर शाई, काचेत बुडबुडे. त्याच काळात किराणा-औषधांच्या दुकानात मोठ्या बरणीतून सुटं कोलोन मोजून घ्यायची पद्धत बोकाळली. घरची बाटली घेऊन जायचं आणि भरून आणायचं. त्यामुळे या काळातल्या बाटलीत आत काय आहे याचा लेबलाशी संबंध असेलच असं नाही. काही संग्राहक हा माल गरीब म्हणून टाळतात. मला तो आवडतो. तंगीतही चित्र कसं सांभाळलं हे तिथे दिसतं.

काळ पक्का करायचा सगळ्यात भरवशाचा मार्ग घरबसल्या आणि फुकट आहे. स्पेनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी नियतकालिकं डिजिटल करून ठेवली आहेत. त्यात 'ला एस्फेरा' हे १९१४ ते १९३१ चाललेलं सचित्र साप्ताहिक बघा, गालच्या रंगीत जाहिरातींची खाण आहे. बार्सेलोनाच्या 'ला व्हान्ग्वार्दिया' या दैनिकाचे १८८१पासूनचे अंक ऑनलाइन वाचता येतात. परफ्यूमचं नाव टाकून शोधा, वर्षवार जाहिराती उतरवून घ्या आणि बाटलीचा आकार, अक्षरांचं वळण, पत्ता तुमच्या वस्तूशी ताडून बघा. स्पॅनिश येत नसलं तरी अडत नाही, चित्र आणि तारीख पुरते.

पायरी ४: भिंग आणि जांभळा दिवा

नकली बाटल्यांपेक्षा नकली कागद जास्त फिरतो. जुन्या जाहिरातींच्या नव्या छापण्या, पत्र्याच्या 'रेट्रो' पाट्या, संगणकावर काढलेली लेबलं. यासाठी दोन साधनं पुरतात: दहापट मोठं दाखवणारं भिंग, आणि नोटा तपासायचा छोटा अतिनील दिवा.

भिंगाखाली जुनी शिळाछाप किंवा तिच्या वळणाची छपाई बघितली तर सलग रंग दिसतात, किंवा हाताने टिंबटिंब केल्यासारखे अनियमित ठिपके. नव्या ऑफसेट छपाईत चार रंगांच्या ठिपक्यांची बारीक, नियमित फुलं दिसतात. ती फुलं १९२०च्या म्हणवल्या जाणाऱ्या साबणाच्या लेबलावर दिसली तर वस्तू परत करा. मासिकातल्या जाहिरातींत मात्र तेव्हाही जाळीचे ठिपके असायचे, त्यामुळे हा नियम मासिकाच्या पानाला सरसकट लावू नका.

मग खोलीत अंधार करून दिवा मारा. कागद पांढराशुभ्र करणारी रसायनं साधारण १९५०पासून कारखान्यांत रुळली. अशा कागदावर दिवा पडला की तो निळसर झगझगतो. त्याआधीचा कागद मंद, पिवळट किंवा तपकिरी राहतो. एक अडचण: जुन्या डबीवर कोणीतरी नव्या कागदाने केलेली डागडुजीही झगझगते. म्हणजे दिवा फक्त खोटेपणा पकडतो असं नाही, दुरुस्तीही दाखवतो, आणि ती विक्रेत्याने सांगितली होती का हे तपासता येतं.

पायरी ५: काच आणि बूच

काचेवर मी मुद्दाम कमी लिहितोय, कारण त्यातले नियम फ्रेंच बाटल्यांसारखेच आहेत. साच्याचा जोड ओठापर्यंत गेलाय की मानेपाशी थांबतो, तळ घासून सपाट केलाय की तसाच आहे, कडांना पैलू पाडलेत की साच्यातच उठवलेत, एवढं बघायचं. घासून बसवलेलं काचेचं बूच त्याच बाटलीचं असलं पाहिजे. ते बसवून हलकेच फिरवा. खडखडलं किंवा तिरकं बसलं तर बूच उसनं आहे.

स्पेनच्या खास अशा दोन गोष्टी मात्र सांगतो. 'मादेरास दे ओरिएन्ते'च्या बाटलीत लाकडाच्या बारीक काड्या असतात. सुगंधात चंदन आहे, आणि नावाला जागून कंपनीने लाकूडच आत घातलं. नवखे खरेदीदार तो कचरा समजून गाळून टाकतात! काड्या नसलेली बाटली अपुरी समजा. दुसरी गोष्ट आन्द्रे रिकार्द यांची. १९२९ साली बार्सेलोनात जन्मलेले हे औद्योगिक आरेखनकार. १९९२च्या बार्सेलोना ऑलिंपिकची मशाल त्यांचीच. पुचच्या 'आग्वा ब्राव्हा'ची बाटली त्यांनी घडवली. त्यांच्या बाटलीत नर्तिका नाही, गोंडा नाही. काच हातात कशी बसते आणि पुरुषाच्या न्हाणीघरातल्या फळीवर ती कशी दिसेल, एवढाच विचार. चित्रकारांचा जमाना संपून आरेखनकारांचा सुरू झाला तो इथे. अशा बाटल्या अजून स्वस्त मिळतात, आणि माझ्या अंदाजाने फार काळ मिळणार नाहीत.

पायरी ६: घ्यायचं कुठे आणि आणायचं कसं

स्पेनला जाणं झालं तर वार बघून जा. माद्रिदचा एल रास्त्रो हा जुना बाजार रविवारी आणि सुटीच्या दिवशी भरतो. बार्सेलोनाचा एल्स एन्कान्त्स, ग्लोरिएस चौकातल्या आरशांच्या छपराखाली, सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार. कागदासाठी मात्र बार्सेलोनात रविवारी सकाळी सांत आन्तोनीचा बाजार गाठा. तिथे जुनी पुस्तकं, पोस्टकार्डं, चित्रकार्डं यांच्याच रांगा असतात. परफ्यूमचा वास लावून वाटली जाणारी छोटी कार्डं, खिशातली कॅलेंडरं, जाहिरातीचे कागदी पंखे असा माल तिथे सापडतो. जेनेर किंवा रिबासचं काम बघायला याहून स्वस्त वाट नाही.

एक कायदा लक्षात ठेवा, कारण तो नुकताच आपल्या मालापर्यंत येऊन पोचलाय. १९८५च्या वारसा कायद्यानुसार स्पेनच्या ऐतिहासिक वारशात मोडणारी, शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर न्यायला सरकारी परवानगी लागते. मिरुर्हियाच्या पहिल्या दशकातला माल आता शंभरी ओलांडतोय. साबणाच्या वेष्टनासाठी कोणी अडवेल असं नाही, पण किमती, दुर्मिळ बाटली घेताना विक्रेत्याला हा प्रश्न आधीच विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

भरलेली बाटली टपालाने मागवू नका. परफ्यूममधला अल्कोहोल ज्वलनशील मालात मोडतो आणि साध्या हवाई टपालाने तो पाठवता येत नाही. मागवायची तर रिकामी मागवा, किंवा येणाऱ्या-जाणाऱ्या नातेवाइकाच्या सामानात आणा. विमानात जुनं काचेचं बूच दाब बदलला की पाझरतं, म्हणून बुचाभोवती स्वयंपाकघरातली चिकट फिल्म दोन-तीन वेढे गुंडाळा, बाटली उभी राहील अशी बांधा, खोका मात्र वेगळ्या पिशवीत ठेवा. गळलेल्या परफ्यूमने लेबलाची शाई विरघळते, आणि त्यावर उपाय नाही.

विकत घेण्याआधी फोटो कोणते मागवायचे? तळाचा, मानेचा, बूच काढून बाजूला ठेवलेला, खोक्याच्या आतल्या कडांचा आणि उजेडासमोर धरून द्रवाची पातळी दाखवणारा. विक्रेता आतल्या कडांचा फोटो द्यायला कुरकुर करत असेल तर समजून जा की खोका दुसऱ्या बाटलीचा आहे.

पायरी ७: अडकलेलं बूच आणि आतला वास

काचेचं बूच वर्षानुवर्षं बंद राहिलं की आतल्या साखरेसारख्या सुकलेल्या थराने जाम होतं. पक्कड लावू नका, ज्योतीजवळ तर मुळीच नेऊ नका. बूच आणि मान जिथे मिळतात त्या फटीत काडीने ग्लिसरीनचा थेंब सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी कोमट पाण्यात पिळलेलं फडकं फक्त मानेभोवती धरा, लेबलाला ओल लागू देऊ नका. मान किंचित फुगते, बूच थंडच राहतं. मग लाकडी चमच्याच्या दांड्याने बुचाला दोन्ही बाजूंनी हलकेच ठोका आणि ओढण्याऐवजी फिरवून बघा. नाही निघालं तर पुन्हा ग्लिसरीन, पुन्हा रात्र. बुचाखाली पातळ पापुद्रा आणि दोऱ्याची गाठ असेल, म्हणजे बाटली कारखान्यातून आली तशी बंद असेल, तर ती उघडायचीच नाही.

उघडल्यावर पहिला वास आंबट, नेलपॉलिशसारखा येईल. घाबरू नका. लिंबू-संत्र्याची वरची तेलं सगळ्यात आधी खराब होतात. कागदाच्या पट्टीवर थेंब घ्या, अर्धा तास थांबा आणि मग हुंगा. लाकूड, पचोली, राळ यांचा तळ बहुतेक वेळा शाबूत असतो, आणि 'ताबू' किंवा 'मादेरास'सारख्या जड परफ्यूममध्ये तोच मुख्य असतो. हलकी कोलोन मात्र बहुधा मेलेलीच निघतात.

अंगाला लावू नका. जुन्या कोलोनमधलं बर्गामोट या लिंबूवर्गी फळाचं नैसर्गिक तेल त्वचेवर असताना ऊन लागलं तर चट्टे उठतात. त्या काळात वापरलेले काही कृत्रिम कस्तुरी पदार्थही पुढे याच कारणांनी बाद झाले. वास घ्यायचाच असेल तर रुमालावर. चेहऱ्याच्या पावडरची जुनी डबी मिळाली तर ती उघडून हुंगू नका, तोंडाला तर लावूच नका. आतला कागदी पडदा फाटलेला नसेल तर तसाच ठेवा.

पायरी ८: आपल्या हवेत जपणं

स्पेनची कोरडी हवा सोसलेला कागद मुंबईच्या किंवा कोकणाच्या पावसाळ्यात दोन महिन्यांत बुरसटतो. काळा कागद सगळ्यात आधी पांढरे ठिपके धरतो. तेव्हा कागद आणि काच एकत्र ठेवायचा मोह सोडा.

कागदी माल आम्लरहित कागदात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पुड्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरता येतात. डांबराच्या गोळ्या ठेवू नका. कसर मरेल, पण डबीतला शंभर वर्षांचा मंद वास कायमचा जाईल, आणि कागदावर डागही पडू शकतात. सेलोटेप, फेव्हिकॉल, लॅमिनेशन या तिन्ही गोष्टींना या छंदात जागा नाही. लेबल सुटलं असेल तर बाटलीशी एका पाकिटात ठेवा आणि पाकिटावर पेन्सिलीने लिहा. लेबलावरची धूळ मऊ, कोरड्या ब्रशने झटका. ओलं फडकं कधीच नाही.

भरलेली बाटली उभी, अंधाऱ्या, थंड कपाटात. गच्चीखालच्या खोलीतलं गोदरेजचं कपाट मे महिन्यात भट्टी होतं, ते टाळा. फ्रिजमध्ये ठेवणारेही आहेत, पण तिथल्या ओलीने लेबल सोडून दिलेल्या बाटल्या मी पाहिल्यात, म्हणून मी ते सुचवणार नाही. काचेच्या शोकेसमध्ये मांडायच्याच असतील तर रिकाम्या मांडा, आणि दिवा आत न लावता बाहेरून लावा. लाल शाई उन्हात सगळ्यात लवकर उडते; माहाचा लाल पोशाख एका उन्हाळ्यात गुलाबी होतो.

प्रत्येक वस्तूची एक चिठ्ठी करा: नाव, घराणं, काळ आणि तो कोणत्या खुणेवरून ठरवला ती खूण, कुठून घेतली, किंमत, द्रवाची पातळी. बाटलीच्या मागे मोजपट्टी ठेवून वर्षातून एकदा, त्याच जागी, त्याच उजेडात फोटो काढा. दिवाळीच्या साफसफाईत कपाट उघडतंच, तेव्हा पावसाळ्यात काय बिघडलं तेही बघून होतं. पातळी उतरलेली दिसली तर बुचाभोवतीची फिल्म बदला.